आधी पाण्याचा हिशोब, मग योजना : कोरडवाहू शेती नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

शहरातली नोकरी सोडून किंवा वडील थकले म्हणून गावी परतलेली पोरं पहिल्याच आठवड्यात आमच्या ओसरीवर येऊन विचारतात, "काकू, सध्या कुठली योजना चालू आहे?" प्रश्न वाईट नाही, पण तो पाचवा प्रश्न आहे आणि आपण तो पहिल्यांदा विचारतो. मीही तसंच केलं होतं. त्याचे पैसे किती गेले ते पुढे येईलच.

आमची पाच एकर कोरडवाहू जालना जिल्ह्यात. पोकरा या सरकारी शेती प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात गावाच्या समितीवर मी सदस्य होते, त्यामुळे अर्जाच्या खिडकीच्या दोन्ही बाजू पाहिल्या. हा लेख मराठवाडा-विदर्भातल्या दोन-पाच एकरवाल्यांसाठी आहे. कोकणातल्या भातशेतीचं गणित वेगळं, त्यात मी पडत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास निघाली होती. तेव्हा 'लहान शेतकरी' म्हणजे कुणी वेगळा नव्हे, आपणच.

वही आणि पर्जन्यमापक

पहिली खरेदी ठिबकची नको, पर्जन्यमापकाची करा. साधा प्लॅस्टिकचा चालतो. झाडापासून, भिंतीपासून लांब, मोकळ्या जागी खांबावर बसवा आणि रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत लिहा. हवामान खातंही साडेआठ ते साडेआठ असाच दिवस धरतं, म्हणून तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. तुमच्या महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचा, रोजचा पाऊस कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर दिसतो. तो आकडा आणि तुमच्या शेतातला आकडा यांत पुष्कळदा जमीन-अस्मानाचा फरक असतो. मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र तुमच्या बांधापासून दहा-बारा किलोमीटरवर असू शकतं, आणि हल्लीचा पाऊस तर एका शिवारात कोसळून शेजारच्या शिवारात धूळ ठेवतो.

एवढा खटाटोप का? वर्षाची सरासरी फसवते म्हणून. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडे सोयाबीन ऐन फुलात असताना तीन-तीन आठवडे थेंब नव्हता. पुढे दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच मराठवाड्यात नद्या शेतांतून वाहिल्या आणि काढणीला आलेलं पीक मातीसकट गेलं. म्हणजे एकाच जमिनीला पावसाच्या खंडासाठीही तयार करायचं आणि अतिवृष्टीसाठीही. वातावरणातल्या बदलाशी जुळवून घेणं म्हणतात ते आमच्या भाषेत एवढंच : पाणी धरायचं, आणि जास्तीचं झालं तर वाट काढून द्यायची.

गावाचा आणि आपला ताळेबंद

आता गुणाकार करायचा आहे, घाबरू नका. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी पडलं. शिवार हजार हेक्टरांचं आणि पाऊस ७०० मिलिमीटर असेल तर झाले ७०० कोटी लिटर. आकडा ऐकून छाती फुगते. पण त्यातलं बरंचसं वाफ होऊन आणि पिकांतून उडून जातं, काही ओढ्याने निघून जातं, आणि आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मुरून राहतं ते थोडंच. खाली सलग वाळूचा थर नाही, खडकाच्या भेगा आहेत. म्हणून पाचशे फूट बोअर मारूनही फुफाटाच हाती येतो.

खर्चाची बाजू पाहा. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला चार कोटी लिटर लागतात. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर लागतात. म्हणजे दोन हेक्टर उसाला जेवढं पाणी जातं तेवढ्यात अख्खं गाव वर्षभर पाणी पिऊ शकतं. हा हिशोब मी पहिल्यांदा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला तेव्हा एक ऊसवाले आजोबा उठून गेले. पुढच्या सभेला मात्र स्वतःच्या विहिरीचं माप घेऊन आले!

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच अनेक वर्षांपूर्वी सुरू केलं : पावसाचं माप घ्यायचं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. शेतीसाठी बोअरला बंदी, ऊस-केळीला बंदी. तिथलं सगळं आपल्या गावात चालेल असं नाही, तेवढा एकोपा सगळीकडे कुठून आणणार. पण स्वतःपुरता ताळेबंद मांडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ऑक्टोबरच्या शेवटी आणि मे महिन्यात दोरीला दगड बांधून विहिरीची पातळी मोजा आणि त्याच वहीत लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असं चारदा मोजते. जमलं तर तुम्हीही चारदा मोजा. ऑक्टोबरची पातळी गेल्या साली होती त्याच्या खाली असेल तर गव्हाचा विचार सोडा आणि हरभरा पेरा.

बिनपैशाची कामं, जी सगळ्यात जास्त कामाला येतात

यासाठी अर्ज नाही, अनुदान नाही, म्हणून याची जाहिरातही फारशी होत नाही.

मृगाचा पहिला शिडकावा झाला की शेजाऱ्याची तिफण चालू होते आणि आपलेही हात शिवशिवतात. थांबा. वहीत ७५ ते १०० मिलिमीटर जमा झाल्याशिवाय आणि वाफसा (माती ओली, पण चिखल नाही) आल्याशिवाय कोरडवाहूत पेरायचं नाही. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत, मजुरी सगळं पुन्हा, आणि वर पंधरा-वीस दिवस हातचे गेलेले.

बियाणं घरचं असो की विकतचं, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. आठवड्याने किती उगवले ते मोजा. सोयाबीनचे सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरे, कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा, फारच कमी उगवले तर ते बियाणं टाकून द्या. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, पोती उंचावरून आपटली तरी उगवण मरते. दाणा दोन इंचांपेक्षा खोल गेला तरी वर येत नाही.

पेरणी शक्य असेल तर बीबीएफ यंत्राने, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीने करा. तीन-चार ओळी वरंब्यावर आणि दोन्ही बाजूंना सरी. खंड पडला की सरीत मुरलेली ओल मुळांना पुरते, आणि ढगफुटीसारखा पाऊस झाला की तीच सरी चारी होऊन पाणी बाहेर काढते. एकाच खर्चात दोन्ही संकटांचा बंदोबस्त करणारं दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही. यंत्र मिळालं नाही तर पीक महिन्याचं होण्याआधी कोळप्याला (तण काढायच्या अवजाराला) दोरी गुंडाळून दर चार ओळींनंतर सरी पाडा, बरंचसं काम भागतं. पेरणी उताराला आडवी असू द्या. हे आपल्या आज्यालाही माहीत होतं, पण ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोयीचं पडतं म्हणून आपण विसरलो.

आणि सगळं रान एकाच पिकाखाली नको. सोयाबीनमध्ये तूर घ्या, तीही बीडीएन ७११ सारखी दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत येणारी. लांब मुदतीच्या तुरीला शेवटी ओल पुरत नाही. परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस ६१२ हे सोयाबीन वाण आमच्याकडे बरं चालतं. तुमच्या मुरमाड जमिनीत काय चालेल ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, दुकानदाराला नको.

कागद

हे काम कंटाळवाणं, पण पेरणीआधी उरकून घ्यायचं. सातबारा आणि आठ-अ काढा आणि नाव, क्षेत्र, गट नंबर नीट वाचा. वडील गेले असतील आणि वारसनोंद राहिली असेल तर आधी फेरफार. खातं सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं आणि तिथेच भाऊबंदकी आडवी येते, म्हणून ते दिवाळीत, सगळे घरी असताना करून घ्या. २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झाला आहे. तो सीएससी केंद्रावर निघतो, आधारला जोडलेला मोबाईल सोबत हवा. बँक खातंही आधारशी जोडलेलं असावं. नाहीतर मंजूर झालेले पैसे कुठेतरी लटकतात.

पीक उभं राहिलं की ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाईलवरची सरकारी नोंद, स्वतः करा, शेतात उभं राहून फोटो काढून. ही नोंद चुकली तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही आणि विमा, मदत, हमीभावाची खरेदी, सगळीकडे तुम्ही 'पडीक' ठरता.

बायांसाठी एक सांगते. बऱ्याच योजनांत महिला शेतकऱ्यांना प्राधान्य आहे, पण राबणारीचं नाव सातबाऱ्यावर नसतं. 'लक्ष्मी मुक्ती'खाली नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. नवऱ्याने स्वतः अर्ज करायचा असतो. माझं नाव लागायला दोन वर्षं गेली. त्यात सरकारी वेळ तीन महिने, उरलेला घरातला.

आता योजना

धोरणाची गोष्ट थोडक्यात. वातावरण बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा २००८ मध्ये आला, त्यात शाश्वत शेतीचं एक अभियान होतं. २०११ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने बदलत्या हवामानातल्या शेतीसाठी 'निक्रा' हे संशोधनाचं काम सुरू केलं, त्यातून काही गावांत प्रयोग झाले. पण आपल्या बांधापर्यंत पैसा घेऊन आला तो पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८ पासून, जागतिक बँकेच्या मदतीने, सुमारे चार हजार कोटींचा. मराठवाड्याचे आठही जिल्हे, विदर्भातले सहा, जळगाव आणि नाशिकची काही गावं, मिळून पाच हजारांवर गावं त्यात होती. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली सुमारे सात हजार गावं आहेत. तुमचं गाव यादीत आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा.

गाव यादीत असेल तर समिती शोधा. पहिल्या टप्प्यात तिचं नाव ग्राम कृषी संजीवनी समिती होतं. प्रकल्पाची मूळ कल्पना फार चांगली : आधी शिवारफेरी, मग गावाच्या पाण्याचा ताळेबंद, त्यावरून गावाचा आराखडा आणि शेवटी प्रत्येकाचे अर्ज. प्रत्यक्षात ताळेबंदाच्या सभेला वीस माणसं आणि अर्जाच्या दिवशी दोनशे. तुम्ही ताळेबंदाच्या सभेला जा. तिथे कृषी सहायक निवांत भेटतो (आता त्याचा हुद्दा 'सहायक कृषी अधिकारी' झालाय, गावात अजून कुणी तसं म्हणत नाही) आणि ओढ्याच्या कुठल्या टप्प्यावर बांध पडणार, म्हणजे कुणाच्या विहिरीला पाणी लागणार, ते तिथेच ठरतं.

गाव यादीत नसेल तर महाडीबीटी, म्हणजे सरकारी योजनांच्या अर्जांचं पोर्टल. पूर्वी तिथे सोडत निघायची, २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी लाभ मिळतो. म्हणून कागद तयार ठेवा असं वर सांगितलं. ठिबक-तुषारला लहान शेतकऱ्याला राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये आपला वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के.

आता माझी चूक. दुकानदार म्हणाला, "ताई, ठिबक बसवून टाका, पूर्वसंमती मागाहून येते." मी बसवलं. पूर्वसंमतीची तारीख बिलाच्या तारखेनंतरची निघाली आणि अर्ज बाद झाला. एक एकराचा सगळा खर्च अंगावर. म्हणून हे ठळक अक्षरांत समजा : पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल नाही, खड्डा नाही, पाईप नाही. दुसरं, अनुदान काम झाल्यावर, जिओ टॅगिंगचे फोटो आणि तपासणी होऊन खात्यात येतं. तोवर पैसे तुमचे. सावकाराचं व्याज लावून अनुदानाची वाट पाहायची वेळ येणार असेल तर ती योजना यंदा घेऊ नका.

शेततळ्याचं गणित

सगळ्यांना शेततळं हवं असतं, म्हणून यावर थोडं थांबते. 'मागेल त्याला शेततळे' मध्ये आकारानुसार कमाल ७५ हजार रुपये मिळतात. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळं, बाजूंना उतार धरून, भरलं की सुमारे २२ लाख लिटर पाणी धरतं. ते भरायला किती रान लागतं? एक हेक्टरवर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ७० लाख लिटर, त्यातलं पाचव्या हिश्श्याने वाहून आलं तर १४ लाख. म्हणजे तळ्याच्या वर किमान दीड हेक्टर उताराचं रान हवं. तुमचं सगळं शेतच दीड हेक्टर असेल आणि तळं वरच्या कोपऱ्यात खोदलं असेल तर त्यात बेडूकच येणार.

वापराचं पाहा. खंडात सोयाबीनला तुषारने ५० मिलिमीटरची एक पाळी द्यायला एकरी दोन लाख लिटर लागतात. झिरपा आणि वाफ वजा जाता तळ्यात निम्मं उरलं तरी पाच एकरांना एक पाळी बसते. ऑगस्टमधल्या खंडात ती एक पाळी म्हणजे पीक आणि काडी यांतला फरक. यासाठी तळं सोन्याचं.

पण बघते तर निम्मी तळी प्लॅस्टिक अंथरून विहिरीच्या मोटारीने भरलेली. पाऊस थांबला की विहिरीतलं, म्हणजे सगळ्या शिवाराचं पाणी उपसून आपल्या तळ्यात कोंडायचं आणि उन्हाळ्यात मोसंबी-द्राक्षाला द्यायचं. आपल्या उन्हात उघड्या पाण्यावरून वर्षाकाठी दीड-दोन मीटर थर उडून जातो. जमिनीखाली सुरक्षित होतं ते पाणी वर आणून वाळत घातल्यासारखं आहे ते, आणि शेजाऱ्याची विहीर दोन महिने आधी आटते. सरकारी कागदात दोन्ही तळी 'शेततळं'च. पहिल्याला पाठिंबा द्या, दुसऱ्याविरुद्ध ग्रामसभेत बोला. मी बोलले, थोडे संबंध बिघडले. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्यात, गोष्ट वेगळी. तिथे खालचं पाणीच खारट, म्हणून पावसाचं गोडं पाणी तळ्यात धरलं तेवढंच रब्बीला कामाचं.

विमा आणि नुकसानीची मदत, या दोन वेगळ्या गोष्टी

पीकविमा तुम्ही हप्ता भरून काढता. खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५ टक्के. राज्यात २०२३ पासून होता तो एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली जी पुष्कळांच्या ध्यानात नाही : २०२३ मध्ये २१ दिवसांच्या खंडावर २५ टक्के आगाऊ भरपाई मिळू शकत होती. २०२५ मध्ये ती सोय काढली आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या (निवडक शेतांत पीक कापून उतारा मोजतात त्याच्या) उत्पन्नावर आली. म्हणजे तुमच्या एकट्याच्या शेतात काय झालं याला महत्त्व नाही, मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरवून दिलेल्या उंबरठ्याखाली गेलं पाहिजे. नियम दर हंगामात हलतात, म्हणून भरण्याआधी त्या वर्षीची अधिसूचना वाचून घ्या. गावात कापणी प्रयोग कुठल्या गटात आहे ते विचारून त्या दिवशी हजर राहा. तुम्हाला हाकलता येत नाही.

मदत मात्र सरकारी आपत्ती निधीतून येते, हप्ता नसतो. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं पाहिजे, आणि अतिवृष्टीसाठी मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला पाहिजे. केंद्राच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. २०२५ च्या पुरानंतर राज्याने मर्यादा तीन हेक्टर केली. एवढ्यात बियाणं-खतही निघत नाही, पण सोडूही नका.

त्या सप्टेंबरात आमच्याकडे पंचनाम्याला ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आले तेव्हा मंडळाच्या केंद्रावरचा आकडा ६५ च्या खाली होता आणि माझ्या वहीत १०८. घरच्या वहीला कायद्याने किंमत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. पण मागच्या पानांवर चार वर्षांचा रोजचा पाऊस, विहिरीची मापं, पेरणीच्या तारखा पाहून ते बांधावर उतरले, चिबडलेलं रान स्वतः बघितलं आणि शेजारच्या चार गटांचेही फोटो काढून घेतले. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पोच त्याच वहीत चिकटवा. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. माझी २०२१ ची उंदरांनी खाल्ली.